दोन विद्यापीठं, बावीस रकाने आणि एक न विचारलेला प्रश्न

"मॅडम, विद्यापीठाचं नाव बघायचं की डिपार्टमेंट?" प्रवेशाचे दिवस आले की हा प्रश्न माझ्याकडे येतोच, आणि कॉम्प्युटर सायन्सला जाणाऱ्या मुलांकडून तर हमखास येतो. त्याचं उत्तर म्हणून मला एका मुलीची गोष्ट सांगायची आहे. तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घोळ मात्र तिचाच, जसाच्या तसा.

ती वडिलांबरोबर आली तेव्हा होकार कळवायला चार दिवस उरले होते. दोन विद्यापीठांत प्रवेश मिळाला होता. पहिल्याचं नाव घेतलं की समोरचा "अरे वा!" म्हणतो. दुसऱ्याचं नाव घेतलं की "हे कुठलं?" असं विचारतो, पण या विषयातली माणसं त्या विभागाबद्दल आदरानं बोलतात. पहिल्याकडची पदवी 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि डेटा सायन्स' अशी भारदस्त नावाची, दुसरीकडची नुसतीच 'कॉम्प्युटर सायन्स'.

तिनं लॅपटॉप उघडून एक्सेल शीट दाखवली. बावीस रकाने. रँकिंग, प्लेसमेंट, सरासरी पगार, लायब्ररी, कॅम्पस, माजी विद्यार्थी, सगळ्याला दहापैकी गुण. खाली पिवळ्या चौकटीत बेरीज: १७३ आणि १७१. "तीनदा वेटेज बदललं मॅडम," ती म्हणाली, "दर वेळी वेगळंच जिंकतं." हे सांगतानाही तिचं बोट त्या पिवळ्या चौकटीवरून हलत नव्हतं. वडील शेजारी गप्प बसले होते. त्यांच्या मांडीवर रँकिंगची छापील पानं होती, आणि पहिल्या विद्यापीठाच्या नावाखाली लाल पेनानं दोन रेघा मारलेल्या होत्या.

मी रँकिंगपासूनच सुरुवात केली, कारण सगळा जीव तिथं अडकला होता. क्यूएस या संस्थेच्या विद्यापीठांच्या जागतिक यादीत १०० पैकी ३० गुण प्राध्यापक मंडळींमधल्या नावलौकिकाला असतात, १५ नोकरी देणाऱ्यांच्या मताला, २० प्राध्यापकांच्या संशोधनाचा इतरांनी किती संदर्भ घेतला त्याला. प्राध्यापक-विद्यार्थी प्रमाणाला १०. वर्गात शिकवतात कसं, लॅबमध्ये मुलांकडून काय करून घेतात, हे थेट मोजणारा रकानाच त्यात नाही. फक्त संगणकशास्त्राच्या विभागांची म्हणून जी सीएसरँकिंग्ज नावाची यादी आहे, ती निवडक परिषदांमधले शोधनिबंध मोजते. पीएच.डी.साठी गुरू शोधणाऱ्याला ती फार उपयोगाची. पण पहिल्या वर्षाला 'फॉर लूप' शिकणाऱ्या मुलीला त्यातून काय कळणार? या याद्या खोट्या नाहीत. तिचा प्रश्न त्यांनी कधी विचारलेलाच नाही, एवढंच.

मग 'सरासरी पगार' हा रकाना. तो मी तिला खोडायलाच लावला. दहा मुलांपैकी नऊ जणांना १० आणि एकाला १०० मिळाले, तर सरासरी १९ येते, आणि त्या दहांतल्या एकालाही १९ मिळालेले नसतात. मध्यक विचारायचा, म्हणजे पगार चढत्या क्रमानं लावले की बरोब्बर मधे येणारा आकडा. इथं तो १०. प्लेसमेंटची टक्केवारी सांगितली तर पुढचा प्रश्न: कितींपैकी? प्रवेश घेतलेल्या सगळ्यांपैकी, की प्लेसमेंटला नाव नोंदवलेल्यांपैकी? हे विचारलं की समोरचा माणूस किती सरळ उत्तर देतो, त्यावरूनही बरंच कळतं.

वडील पहिल्यांदा बोलले ते इथं. "पण मॅडम, नावाचा पुढे काहीच उपयोग होत नाही असं म्हणायचंय का तुम्हाला?"

तसं म्हणणं लबाडीचं झालं असतं. स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर या दोन अर्थतज्ज्ञांचा २००२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे, तो मी त्यांना सांगितला. अमेरिकेत १९७६ साली कॉलेजात गेलेल्या मुलांची त्यांनी तुलना केली: नामांकित ठिकाणी गेलेली मुलं, आणि तसाच प्रवेश मिळूनही कमी नामांकित ठिकाणी गेलेली मुलं. पुढे कमाईत दोघांमध्ये फारसा फरक दिसला नाही. म्हणजे नावापेक्षा मुलाचा वकूब आणि जिद्द हेच बरंचसं काम करत होतं. पण त्याच अभ्यासात एक अपवाद होता. कमी उत्पन्नाच्या घरातून आलेल्या मुलांना नामांकित कॉलेजाचा फायदा झालेला दिसला. ज्या घरात ओळखीपाळखी नसतात, तिथं कॉलेजच ओळख करून देतं, असा मी त्याचा अर्थ लावते. माझ्यासमोरच्या या मुलीच्या घरातून या क्षेत्रात जाणारी ती पहिलीच होती. म्हणून मी त्यांना म्हटलं, "बाबा, तुमच्या लाल रेघांना वजन आहे. त्या मी पुसणार नाही. पण त्या एकट्यावर निर्णय नको."

मग पदव्यांच्या नावांकडे वळलो. हल्ली अनेक मुलं नावातल्या 'एआय'कडे ओढली जातात, आणि त्यात त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही. पण नावामागचे अनिवार्य विषय वाचायलाच हवेत. तिच्या पहिल्या विद्यापीठाच्या सिलॅबसमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम (कॉम्प्युटरचा सगळा कारभार बघणारी मूळ प्रणाली) आणि नेटवर्क हे दोन विषय एकाच सेमिस्टरच्या एकाच पेपरात कोंबले होते. कंपायलर, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, हा विषय नव्हताच. दुसरीकडे हे सगळे विषय स्वतंत्र, शिवाय डिस्क्रीट मॅथ्स, लिनियर अल्जिब्रा आणि प्रॉबॅबिलिटी पहिल्या दोन वर्षांतच. आज ज्या भाषा-मॉडेलांचा बोलबाला आहे, त्यांच्या मुळाशी असलेली ट्रान्सफॉर्मर रचना २०१७ साली मांडली गेली. त्या वर्षी पदवीला बसलेल्या मुलांच्या सिलॅबसमध्ये ती असणं शक्यच नव्हतं. ज्यांचं गणित पक्कं होतं, त्यांनी ती नंतर शिकून घेतली. उलट एडगर कॉड या संगणकशास्त्रज्ञानं रिलेशनल डेटाबेसची, म्हणजे माहिती एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांत ठेवण्याची, कल्पना मांडली १९७० मध्ये, डाइक्स्ट्राचा सर्वांत जवळच्या मार्गाचा अल्गोरिदम प्रसिद्ध झाला १९५९ मध्ये, आणि इंटरनेटच्या पूर्वजानं, अर्पानेटनं, टीसीपी/आयपी, म्हणजे कॉम्प्युटरांनी एकमेकांशी बोलायचे नियम, स्वीकारले १ जानेवारी १९८३ ला. या तिन्ही गोष्टी आजही शिकवल्या जातात, कारण आजही त्यांच्यावर कामं चालतात.

दोन दिवसांनी परत ये म्हटलं आणि अभ्यास दिला. दोन्हीकडच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या विषयाची लॅबची कामं शोधून आण. सिलॅबस नको, कारण सिलॅबस सगळीकडे सारखाच दिसतो. मुलं हातानं काय करतात ते आण. आणि दोन्हीकडच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या एकेका विद्यार्थ्याशी बोल. माहितीपत्रकात फोटो असतो तो टॉपर नको, साधा विद्यार्थी. "कॉलेज कसं आहे?" असं विचारू नकोस, त्यावर सगळे "छान आहे" म्हणतात. "मागच्या आठवड्यात काय काय केलंस? कोड अडला तेव्हा कुणाकडे गेलास? तुझा कोड कुणी वाचला का?" एवढंच विचार.

हा अभ्यास मी का देते, तेही सांगते. काही वर्षांपूर्वी एका मुलाची अशीच बेरीज बघून मी मान डोलावली होती. तिसऱ्या सेमिस्टरला तो परत आला. वर्गात तीनशे मुलं, सबमिशन सॉफ्टवेअर तपासतं, दीड वर्षात त्याच्या कोडवर एका माणसाची नजर पडली नव्हती. "मला येतं की येत नाही हेच मला कळत नाही," असं तो म्हणाला. मी त्याला जायच्या आधी हे विचारायला लावलं नव्हतं. ती चूक माझी होती, आणि अजूनही मला ती टोचते.

मुलगी परत आली ती वही भरून. पहिल्या विद्यापीठात लॅबमध्ये शेड्युलिंगच्या (कुठल्या प्रोग्रामला प्रोसेसर कधी द्यायचा ते ठरवण्याच्या) पद्धतींचं सिम्युलेशन लिहायचं आणि वाट बघण्याचा सरासरी वेळ काढायचा, म्हणजे गणितच, फक्त कॉम्प्युटरवर. दुसरीकडे मुलं एक्सव्ही६ घेऊन काम करतात. ही एमआयटीत २००६ साली शिकवण्यासाठी तयार केलेली छोटीशी ऑपरेटिंग सिस्टिम आहे, सगळी मिळून दहा हजारांहून कमी ओळींची, म्हणजे एका सेमिस्टरमध्ये विद्यार्थ्याला अखंड वाचता येईल अशी. मुलं तिच्यात स्वतःचा सिस्टिम कॉल (प्रोग्रामला ऑपरेटिंग सिस्टिमकडून काम करून घेता येईल अशी सोय) घालतात, शेड्युलर बदलतात, ती कोलमडते, मग का कोलमडली ते शोधत बसतात.

वही एकतर्फी नव्हती, हे मला फार आवडलं. दुसऱ्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यानं तिला मोकळेपणानं सांगितलं होतं की तिसऱ्या वर्षाला इलेक्टिव्ह विषय मोजकेच मिळतात, आणि सिक्युरिटी शिकवणारे सर सोडून गेल्यावर तो विषय बंदच पडलाय. पहिल्याकडे स्टॅटिस्टिक्स जोडविषय म्हणून घेता येत होता, आणि तिला स्टॅटिस्टिक्स मनापासून आवडायचं. ही खरी किंमत होती, तिच्या बावीस रकान्यांत कुठंच न आलेली.

तेवढ्यात वडिलांचा फोन वाजला आणि ते बाहेर गेले. दार लागल्यावर ती हळूच म्हणाली, "मॅडम, एक सांगू? मला प्रोग्रामिंग येतच नाही. बारीकसं काहीतरी केलंय, तेवढंच. ग्रुपवर बाकीची मुलं म्हणतात, आम्ही सातवीपासून करतोय. मोठं नाव मिळालं तर निदान मी कच्ची राहिले तरी कुणाला कळणार नाही."

दोन भेटींतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हे होतं. बावीस रकाने भरले गेले ते हे वाक्य बोलायला लागू नये म्हणून. अशा वेळी "घाबरू नकोस, होईल सगळं" म्हणून पाठ थोपटणं सोपं असतं. तिला त्याचा काडीचाही उपयोग झाला नसता. मी म्हटलं, "मग आपण इतका वेळ चुकीचाच प्रश्न विचारत होतो. कुठलं विद्यापीठ चांगलं, हे राहू दे. नवख्या मुलीला कुठं नीट शिकवतात, ते बघू."

या प्रश्नाला खरीखुरी उत्तरं आहेत. अमेरिकेतल्या हार्वी मड कॉलेजनं २००६ च्या सुमारास पहिल्या वर्षाचा प्रोग्रामिंगचा विषय नव्यानं रचला. आधी कोड लिहिलेल्यांचा वर्ग वेगळा, न लिहिलेल्यांचा वेगळा. त्यामुळे भरवर्गात हात वर करून आपलं ज्ञान दाखवणारे चारजण बाकीच्यांना गप्प करेनासे झाले. साधारण पाच वर्षांत तिथं संगणकशास्त्र घेणाऱ्यांमध्ये मुलींचं प्रमाण दहा टक्क्यांवरून चाळीस टक्क्यांपर्यंत गेलं. विषयाची गोडी लागावी म्हणून इतरही बदल केले होते, पण नवख्यांना नवखं राहू देणं हा त्यातला मोठा भाग होता. सातवीपासून कोड लिहिणाऱ्या मुलांची आघाडी खरी असते. पण अल्गोरिदमची सिद्धता, रिकर्शनचा (स्वतःलाच पुन्हा बोलावणाऱ्या कोडचा) विचार, मेमरीचं गणित यांना हात घातला की त्यांच्यातल्याही बहुतेकांची पाटी कोरीच असते. मधलं पहिलं वर्ष कुणीतरी हात धरून पार करून द्यावं लागतं.

तिनं तिथंच बसून दोन्ही विभागांना ईमेल लिहिली. 'मला प्रोग्रामिंगचा अनुभव नाही. पहिल्या सेमिस्टरला माझ्यासारख्यांसाठी वेगळा वर्ग किंवा मदतीचे तास असतात का?' 'अनुभव नाही' हे शब्द तिनं दोनदा पुसले आणि तिसऱ्यांदा तसेच ठेवले.

दुसऱ्या विभागाकडून त्याच संध्याकाळी उत्तर आलं. नवख्यांसाठी वेगळी तुकडी, आठवड्यातून दोनदा टीए (शिकवण्यात मदत करणारे सहायक) लॅबमध्ये बसून कोड वाचतात, नावानिशी वेळापत्रक जोडलेलं. पहिल्याकडून आलं ते संकेतस्थळाचा दुवा असलेलं ठरावीक पत्र.

निर्णय त्या घरानं घेतला, मी नाही. वडिलांना नाव सोडायला जड गेलं. त्यांनी मला फोन करून विचारलं, "पुढे स्टॅटिस्टिक्सचं काय करेल ती?" मुलीचा हा विचार त्यांच्या मनात आलेला बघून मला बरं वाटलं. त्यांना म्हटलं, पदव्युत्तर शिक्षणाला ती त्या मोठ्या नावाकडे परत जाऊ शकते. तोवर तिच्या हातात स्वतः केलेलं काम असेल. त्या रात्री त्यांनी दुसऱ्या विद्यापीठाला होकार कळवला.

दीड वर्षानं माझ्या फोनवर एक फोटो आला. काळ्या पडद्यावर खाली 'पॅनिक' असा शब्द आणि पुढे काही आकडे, एक्सव्ही६ कोलमडली की दिसतात ते. सोबत तिचा मेसेज: "मॅडम, रात्रीचे साडेअकरा. पाचव्यांदा पडली. ओळ सापडलीये, कारण सापडत नाहीये. उद्या सकाळी टीएकडे जाते."