स्वालबार्डला जातोयस तर बंदुकीचं आधी बघ

स्वालबार्ड म्हणजे नॉर्वेची उत्तर ध्रुवाजवळची बेटं. तिथल्या लाँगइयरब्येन या मुख्य गावाच्या बाहेर पाय टाकणार असशील तर ध्रुवीय अस्वलाला पळवून लावायचं साधन जवळ हवंच, तिथला कायदाच आहे तो. रायफल .308 किंवा .30-06 कॅलिबरची (म्हणजे गोळीच्या मापाची) घे, त्याखाली जाऊ नकोस, आणि भाड्याने घ्यायची तरी परमिट लागतं, ते आधीच काढ. पण खरं काम फ्लेअर गनचं, म्हणजे धडाका आणि उजेड करणाऱ्या पिस्तुलाचं बरं का! बार तुझ्या नि अस्वलाच्या मध्ये फुटला पाहिजे, त्याच्या मागे फुटला तर ते दचकून सरळ तुझ्याच अंगावर येणार, म्हणून नेम जरा अलीकडेच धर. रायफलचं मॅगझिन (गोळ्यांचा साठा) भरलेलं, चेंबर (गोळी झाडली जाते तो नळीचा भाग) रिकामं, गावात शिरताना तर सगळंच रिकामं. रात्री तंबूभोवती ट्रिपवायर, म्हणजे अस्वल अडखळलं की बार उडवणारी तार, लाव, पण तिच्या भरवशावर सगळेच घोरत पडू नका, आळीपाळीने एकाने जागायचंच. आणि फोटोबिटोचं डोक्यातून काढ, अस्वलाच्या 300 मीटरच्या आत जायला बंदी आहे, मार्च ते जून तर 500.