गेम बनवणारी मुलगी आणि धास्तावलेले आईवडील

‘मुलगी तासन्तास लॅपटॉपसमोर असते आणि विचारले तर म्हणते, मी गेम खेळत नाही, गेम बनवते आहे. याला आम्ही अभ्यास समजायचे की व्यसन?’ हा प्रश्न गेल्या काही वर्षांत सल्ल्यासाठी माझ्याकडे येणाऱ्या पालकांच्या तोंडून वारंवार ऐकू येतो. मोबाइलवरच्या खेळांची तक्रार घेऊन येणाऱ्या पालकांची भूमिका तुलनेने स्पष्ट असे. त्यांना ते खेळ थांबवायचे असत. आता अनेक शाळांमध्ये संगणकाच्या तासाला स्क्रॅच हे मुलांसाठीचे गेम आणि गोष्टी बनवण्याचे प्रोग्रॅमिंगचे साधन शिकवले जाते, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचे उपक्रम आणावेत असे सुचवले आहे, आणि त्यामुळे मुलांकडे असे एक उत्तर आले आहे, जे खरे की खोटे हे आईवडिलांना पडताळता येत नाही. ज्या कुटुंबामुळे मला या प्रश्नाचा नीट विचार करावा लागला, त्याचा अनुभव इथे त्यांच्या संमतीने मांडते आहे. मुलीचे नाव आणि ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

मुक्ता सहावीत शिकणारी, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरात आईवडील आणि आजीसोबत राहणारी मुलगी. पहिल्या भेटीत आईने तक्रारींची यादीच वाचली. शाळेतून आली की ही लॅपटॉप उघडते, खाली खेळायला जात नाही, चष्म्याचा नंबर वाढला आहे, रात्री झोपायला उशीर करते आणि बंद कर म्हटले की अंगावर धावून येते. या सगळ्यात आईला सर्वांत जास्त भीती एका गोष्टीची वाटत होती. ‘मॅडम, एकच गेम, त्यातला तोच तोच तुकडा ती पुन्हा पुन्हा खेळत बसते. दहा सेकंद झाले की परत पहिल्यापासून. हे मला बरोबर वाटत नाही.’

वडिलांची काळजी नेमकी उलट्या दिशेची होती. त्यांनी मोबाइल काढून लहान मुलांना ॲप आणि गेम बनवायला शिकवणाऱ्या एका ऑनलाइन क्लासची जाहिरात दाखवली. वर्षाची फी बरीच होती, तरी ती भरायची त्यांची तयारी होती. मुलीत गुण आहेत, ते वेळेवर ओळखले नाहीत तर वाया जातील, असे त्यांचे म्हणणे होते. एकाच मुलीच्या एकाच सवयीकडे पाहून आईला आजार दिसत होता आणि वडिलांना करिअर. ती लॅपटॉपवर प्रत्यक्ष काय करते, हे मात्र दोघांपैकी कोणीही तिच्या शेजारी बसून पाहिलेले नव्हते. यात त्यांना दोष देण्यासारखे काही नाही. ज्या विषयाची आपल्याला माहिती नाही, त्याबद्दल लहान मुलाला विचारायला मोठ्यांना संकोच वाटतो, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

पुढच्या भेटीला मी लॅपटॉप घेऊन यायला सांगितले आणि आईला खोलीतच बसवून घेतले. मुक्ताला मी गेम दाखव असे म्हटले नाही. ‘यातले कुठे अडले आहे ते दाखव,’ असे म्हटले. हा प्रश्न मी आता प्रत्येक अशा मुलाला विचारते, कारण जो फक्त खेळतो तो आपला स्कोअर दाखवतो आणि जो बनवतो त्याला दाखवायला नेहमी काहीतरी अडलेले असते.

तिच्या गेमचा विषय होता वाळवण. पडद्यावर एक गच्ची, तिच्यावर ताटांत वाळत घातलेले सांडगे, लुगडे नेसलेली, हातात काठी घेतलेली एक आजी आणि आकाशातून झेपावणारे कावळे. आजी तिने स्वतः रंगवली होती आणि कावळ्यांचा आवाज घराच्या खिडकीतून ध्वनिमुद्रित केला होता. बाणाच्या बटनांनी आजीला डावीउजवीकडे पळवायचे आणि सांडगे वाचवायचे, एवढा साधा खेळ. सुरुवातीला पन्नास सांडगे. कावळा ताटाला टेकला की एक सांडगा कमी व्हायला हवा होता, पण प्रत्यक्षात एकाच कावळ्याने सगळी गच्ची रिकामी होत होती.

स्क्रॅचमध्ये प्रोग्रॅम लिहावा लागत नाही. सूचनांचे रंगीत ठोकळे एकमेकांत बसवून तो जोडावा लागतो. तिने ‘कायम करत राहा’ या ठोकळ्याच्या आत ‘कावळा ताटाला टेकला असेल तर सांडगे एकने कमी कर’ अशी सूचना बसवली होती. सूचना बरोबर होती, पण ती सेकंदाला सुमारे ३० वेळा तपासली जाते, त्यामुळे कावळा दोन सेकंद ताटावर राहिला तर ६० सांडगे जाणार. हे तिच्या लक्षात यायला काही संध्याकाळी लागल्या होत्या. मग तिने मध्ये एक सेकंद थांबण्याचा ठोकळा घातला, तेव्हा पहिला कावळा मोजला जाई, पण त्या सेकंदात आलेला दुसरा कावळा फुकट सांडगा घेऊन जाई. माझ्यासमोर बसून ती हे समजावून सांगत होती, बोलता बोलता थांबली, आणि सांडगा उचलताच कावळ्याला थेट आकाशात परत पाठवायचे तिला सुचले. ठोकळा बसवला, चालवून पाहिले, एक कावळा, एक सांडगा. पुन्हा चालवले. पुन्हा. दर वेळी दहाएक सेकंद.

आई इतका वेळ गप्प होती. ‘म्हणजे ती परत परत हेच करत असते?’ एवढेच तिने विचारले. ज्या तुकड्याच्या पुनरावृत्तीला ती व्यसनाचे लक्षण समजत होती, ती चाचणी होती. काही बदलायचे, चालवून पाहायचे, चुकले तर कारण शोधायचे आणि पुन्हा बदलायचे, हे या कामाचे स्वरूपच आहे. मागून, स्वयंपाकघराच्या दारातून पाहणाऱ्या माणसाला मात्र खेळणारे मूल आणि तपासणारे मूल अगदी सारखेच दिसतात.

अंगावर धावून येण्याचाही उलगडा त्याच दिवशी झाला. घरातले इंटरनेट बेभरवशाचे असल्यामुळे मुक्ता स्क्रॅचची लॅपटॉपवर उतरवून घेतलेली आवृत्ती वापरत होती. संकेतस्थळावर स्वतःचे खाते उघडून काम केले तर ते आपोआप जतन होत राहते; उतरवून घेतलेल्या आवृत्तीत तसे होत नाही, फाइल स्वतः जतन करावी लागते. आईने ‘आता पुरे’ म्हणत लॅपटॉप सरळ बंद केला की त्या संध्याकाळचे सगळे काम जाई. चिडण्याची तिची पद्धत चुकीची होती आणि त्याबद्दल आम्ही स्वतंत्रपणे बोललो. परंतु त्या चिडण्याचे कारण ऐकल्यावर आईने तिथेच कबूल केले की यापुढे दहा मिनिटे आधी सांगेन आणि फाइल जतन झाली का, हे विचारूनच लॅपटॉप बंद करायला लावेन.

इथे मला या साधनांविषयी थोडे सांगावेसे वाटते, कारण पालक त्यांच्याकडे आणखी एक गेम म्हणून पाहतात. मुलाने यंत्राला शिकवावे आणि शिकवताना स्वतः शिकावे, हा विचार जुना आहे. संगणकशास्त्रज्ञ सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी लोगो ही प्रोग्रॅमिंगची भाषा तयार केली, ती याच विचारातून. त्याच परंपरेत मिचेल रेझनिक यांच्या गटाने अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या मीडिया लॅबमध्ये स्क्रॅच विकसित केले आणि २००७ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. ते मोफत आहे आणि प्रामुख्याने ८ ते १६ वयोगटासाठी आहे; ५ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी स्क्रॅच ज्युनिअर आहे. मुक्ताच्या बाबतीत मला विशेष मौज वाटली ती एका गोष्टीची. स्क्रॅचच्या रंगमंचावर, म्हणजे गेम दिसतो त्या चौकटीत, मधोमध शून्य असते, उजवीकडे २४० पर्यंत आणि डावीकडे उणे २४० पर्यंत जाता येते. सहावीच्या पुस्तकातल्या पूर्णांक संख्या तिला वर्गात जड गेल्या होत्या, पण आजी गच्चीच्या डाव्या टोकाला उणे दोनशेवर उभी आहे, हे ती सहज सांगत होती. तरीही गणित सुधारावे म्हणून स्क्रॅच द्या, असे मी पालकांना सांगत नाही. तसे सांगितले की गेमचा गृहपाठ होतो आणि मूल त्यातून उठून जाते.

एवढ्यावर ‘काळजीचे काही नाही’ असे म्हणून मी हे प्रकरण मिटवू शकत नव्हते. ‘मी बनवते आहे’ या उत्तराने झोप, डोळे आणि मैत्रिणी यांचे प्रश्न सुटत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली आणि तिच्यात गेमिंगच्या विकाराचा समावेश आहे. खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर आवडी आणि रोजची कामे मागे टाकून खेळालाच प्राधान्य मिळत जाणे, आणि नुकसान दिसत असूनही ते चालूच राहणे, अशी त्याची लक्षणे सांगितली आहेत, आणि निदान करण्यासाठी हे साधारणपणे १२ महिने दिसलेले असावे लागते. मुक्ताची स्थिती तशी नव्हती. तिचे शाळेतले लक्ष टिकून होते आणि आजीच्या हाताखाली ती आवडीने कामही करत होती. पण निदान होत नाही म्हणून सगळे आलबेल आहे, असे समजणे बरोबर नसते.

मी तिला एक वही ठेवायला सांगितली. लॅपटॉपसमोरच्या वेळातला बनवण्याचा किती, दुसऱ्यांचे गेम खेळण्याचा किती आणि गेमचे व्हिडिओ पाहण्याचा किती, हे तिने स्वतःच लिहायचे. आईने ती वही तपासायची नाही, अशी अट होती. मुक्ताने ती प्रामाणिकपणे भरली. जेवणाआधीचा वेळ जवळजवळ सगळा बनवण्यात जात होता. जेवणानंतर मात्र लॅपटॉप उघडा असे, पण वाळवणाच्या गेमला हात लागत नसे. दुसऱ्यांचे गेम आणि एकामागून एक व्हिडिओ यांतच अकरा वाजत. हे तिला स्वतःलाही नवीन होते. रात्री लॅपटॉप बैठकीच्या खोलीत ठेवायचा, ही सूचना तिच्याकडूनच आली, आणि म्हणूनच ती टिकली असे मला वाटते. मूल स्वतःच्या वेळाचा हिशेब स्वतः पाहते तेव्हा नियमावरून घरात भांडण कमी होते, हा माझा अनेक घरांतला अनुभव आहे.

वहीवरून बोलताना दुसरी गोष्ट पुढे आली. संध्याकाळी खाली न जाण्याचे कारण गेम नव्हता. इमारतीतल्या मुलींच्या गटाने काही महिन्यांपूर्वी तिला हळूहळू बाजूला काढले होते. ती आली की खेळ बदलत, कुजबुजत, हसत. घरी तिने हे कोणालाच सांगितले नव्हते. गच्चीवरचा गेम त्यानंतर सुरू झाला होता. आईला हे ऐकून रडू आले, आणि त्या भेटीत आम्ही लॅपटॉपचा विषय काढलाच नाही.

वडिलांशी मी वेगळी बोलले. क्लास वाईट असतात असे माझे म्हणणे नाही, परंतु अकरा वर्षांच्या मुलीने स्वतःच्या आजीवर स्वतःच्या मनाने जे बनवले आहे, त्यावर लगेच अभ्यासक्रम, प्रमाणपत्र आणि स्पर्धा लादण्याची घाई मला घातक वाटते. मुक्ताला विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘बाबा, क्लास लावला तर ते सांगतील तोच गेम करावा लागेल ना?’ यावर वडिलांकडे उत्तर नव्हते. पैसे खर्चच करायचे असतील तर एक साधा माउस घ्या, असे मी सुचवले. ती इतके दिवस टचपॅडवर बोटे घासून ठोकळे ओढत होती. आणि आठवड्यातून एकदा तिच्या शेजारी बसून गेम खेळा, नंतर त्याची आतली बाजू दाखवायला सांगा, सल्ला देऊ नका, असेही सांगितले. आजीने मात्र न सांगताच चूक काढली: कावळे दुपारच्या उन्हात इतके येत नाहीत, सकाळी येतात. मुक्ताने त्यावरून गेममध्ये सकाळ आणि दुपार वेगळी केली.

बहुतेक पालक शेवटी सुरक्षिततेचे विचारतात. स्क्रॅचच्या संकेतस्थळावर मुलांना एकमेकांना खासगी संदेश पाठवता येत नाहीत, टिप्पण्या उघड असतात आणि लहान मुलांच्या खात्यासाठी पालकांचा ईमेल मागितला जातो. तरी टिप्पण्या अनोळखी माणसांच्याही असू शकतात, म्हणून खरे नाव, शाळा आणि स्वतःचे छायाचित्र तिथे टाकायचे नाही, हे मुलांना आधीच सांगावे. थोडी मोठी मुले रोब्लॉक्स स्टुडिओकडे, म्हणजे रोब्लॉक्स या ऑनलाइन गेमच्या मंचासाठी गेम बनवण्याच्या साधनाकडे, वळतात. तिथे लुआवर आधारित भाषेत खरा प्रोग्रॅम लिहायला मिळतो, परंतु त्याच खात्यातून गप्पा मारता येतात आणि खरे पैसेही खर्च करता येतात. तेव्हा खाते उघडतानाच पालकांच्या नियंत्रणाच्या सोयी चालू कराव्यात आणि कार्डाची माहिती त्यात ठेवू नये.

मुक्ता अजून माझ्याकडे येते. लॅपटॉपवरून घरात आता फारसे खटके उडत नाहीत. खालच्या मुलींचा प्रश्न मात्र तसा सुटलेला नाही. शाळेतल्या एका मैत्रिणीला शनिवारी घरी बोलवायचे आम्ही ठरवले आहे, आणि इमारतीतल्या मुलींच्या बाबतीत आईने त्यांच्या आयांशी बोलावे की मुक्ताने आधी स्वतः प्रयत्न करावा, यावर आमचे बोलणे सुरू आहे. क्लासचा विषय वडिलांनी आठवीपर्यंत पुढे ढकलला आहे.