दुकान आणि प्रदर्शनातला स्टॉल, दोन्हीसाठी एकच मॉड्युलर (सुटे भाग जोडून उभी करायची) डिस्प्ले सिस्टीम घेतली तर चालेल का?

अर्धीच चालेल. मीही आधी एकातच भागवायला गेलो होतो, हात पोळले. दुकानातलं रॅक एकदा लावलं की वर्षानुवर्षं वजन झेलत उभं असतं, प्रदर्शनातलं मात्र दोन-तीन दिवस उभं की पुन्हा उघडा, बांधा, गाडीत टाका, त्यामुळे तिथं पॅनेल टिकतात पण सांधे ढिले होतात.

स्टॉलवाले ज्याला ऑक्टोनॉर्म म्हणतात (मूळ जर्मन कंपनीचं नाव, आता कुणाच्याही मालाला सर्रास लावतात) त्यात आठ खाचांचा ॲल्युमिनियमचा खांब आणि आडव्या पट्टीच्या दोन्ही टोकांना लॉक असतं, ते खाचेत घालून ॲलन की (षटकोनी टोकाची चावी) फिरवली की घट्ट बसतं. एक बाजू उघडी ठेवून 3×3 मीटरचा स्टॉल, 1 मीटरचं मॉड्यूल धरलं तर 9 पॅनेल, 10 खांब, आणि प्रत्येक पॅनेलला वर-खाली मिळून 18 पट्ट्या, म्हणजे नुसत्या भिंतींना 36 लॉक! त्यातली चार जरी घसरायला लागली तरी भिंत हात लावला की डुलते. सुटी लॉकं जास्तीची घ्याच आणि ॲलन की दोन ठेवा, माझी एकदा घरीच राहिली होती, शेजारच्या स्टॉलवाल्याकडे मागत फिरलो.

दुकानासाठी खाचांच्या उभ्या पट्ट्यांचं रॅक वेगळं घ्या, पण आधी पिच मोजा, म्हणजे एका खाचेपासून पुढच्या खाचेपर्यंतचं अंतर. 25, 32, 50 मिमी असे प्रकार येतात आणि एकाचा ब्रॅकेट दुसऱ्यात बसत नाही, म्हणून पुढे वाढवायचं तर त्याच पिचचं मिळत राहील ना ते आत्ताच विचारून ठेवा. स्लॉटवॉल (हुक अडकवायला आडव्या खाचा असलेला भिंतीचा बोर्ड) घेणार असाल आणि माल जड असेल तर एमडीएफच्या (लाकडाच्या भुश्याच्या दाबून केलेल्या बोर्डाच्या) खाचेत ॲल्युमिनियमची पट्टी घातलेलीच घ्या, नुसत्या खाचेचा ओठ हुकाच्या वजनाने तुटतो.

दोन्हीकडे वापरता येतं ते म्हणजे कापडी ग्राफिक आणि लाईट. कापडाच्या कडेला सिलिकॉनची पट्टी शिवलेली असते, ती फ्रेमच्या खाचेत दाबायची, पण आधी चारही कोपरे, मग मधलं, एका टोकाकडून दाबत गेलात तर शेवटी सुरकुती उरतेच.

आणि विक्रेत्याला तुमच्यासमोर एक सांधा चार-पाच वेळा खोलून लावायला सांगा, नुसता कॅटलॉग बघून ऑर्डर देऊ नका.