वाचक विचारतात : दीपस्तंभाकडे जावं की त्याच्यापासून लांब?

प्रश्न : आमच्या संस्थेच्या स्मरणिकेत संस्थापकांना ‘दीपस्तंभ’ म्हटलंय आणि पुढे ‘त्या प्रकाशाच्या दिशेनं आम्ही चालत राहिलो’ असं वाक्य आहे. एका निवृत्त खलाशांनी ते चूक ठरवलं. का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : त्यांचं बरोबर आहे. दिव्याच्या रोखानं जहाज हाकत राहिलं तर ते बहुतेक वेळा खडकावर चढेल. मुंबईचं प्रॉंग्ज दीपगृह (१८७५) कुलाब्याच्या टोकापुढच्या खडकांवर उभं आहे, ते ‘इथे येऊ नका’ हे सांगायलाच. दिवा स्वतः हलत नाही, म्हणून आपण कुठे आहोत ते त्याच्यावरून कळतं. उपयोग एवढाच, पण तो मोठा आहे.

पद्धत अशी. होकायंत्रातून एका दिव्याचा दिशाकोन, म्हणजे तो उत्तरेपासून किती अंशांवर आहे ते, घ्यायचं आणि सागरी नकाशावर त्या दिव्यातून तशी रेघ ओढायची. मग लगेच दुसऱ्या दिव्याची. दोन्ही जिथे छेदतात तिथे आपली होडी. दोन दिव्यांमधला कोन ९० अंशांच्या आसपास असेल तर उत्तम. ३० अंशांच्या खाली गेला की बारीकशा चुकीनंही छेदबिंदू लांब सरकतो. दिवा १० सागरी मैलांवर असताना दिशाकोन ५ अंशांनी चुकला, तर रेघ दीड किलोमीटरहून जास्त ढळते. तिसरा दिवा दिसत असेल तर तोही घ्यावा. तीन रेघांचा त्रिकोण मोठा आला, तर काहीतरी चुकलंय. पुष्कळदा होकायंत्राशेजारी मोबाइल किंवा लोखंडी अवजार ठेवलेलं सापडतं!

तेव्हा वाक्य बदलायचंच असेल, तर ‘त्यांच्यावरून आम्ही आमची जागा ताडून पाहिली’ असं लिहा. ऐकायला कमी भारदस्त वाटेल, पण खलाशी नाक मुरडणार नाहीत.

प्रश्न : रात्री समुद्रात सगळे दिवे सारखेच दिसतात. नेमका कोणता ते कसं ओळखायचं? – अलिबाग

उत्तर : लुकलुकण्यावरून. नकाशावर दिव्याशेजारी त्याची खूण छापलेली असते. समजा, ‘दर १० सेकंदांनी २ झोत’. पहिला झोत दिसताच घड्याळ सुरू करायचं आणि पुढच्या जोडीतला पहिला झोत येईपर्यंत मोजायचं. असं निदान तीन वेळा करावं. लाटेआड एक झोत हुकला की दोनाचा एकच वाटतो आणि दिवाच दुसरा ठरतो. धुरकट हवेत पांढरा दिवा तांबूस दिसतो, त्यामुळे नुसत्या रंगावर विसंबू नये.

किती लांबून दिसेल, याचाही हिशेब आहे. दिव्याची समुद्रसपाटीपासूनची उंची आणि आपल्या डोळ्यांची उंची, दोन्ही मीटरमध्ये घेऊन त्यांची वर्गमुळं मिळवायची आणि बेरजेला २.०८ नं गुणायचं. उत्तर सागरी मैलांत येतं. दिवा २५ मीटरवर आणि डोळे ४ मीटरवर असतील, तर ७ गुणिले २.०८, म्हणजे साधारण साडेचौदा मैल. लहान होडीत बसलेल्याचे डोळे जेमतेम १ मीटरवर. त्याला तोच दिवा साडेबारा मैलांच्या आत आल्यावर दिसेल. मात्र दिव्याची ताकद आणि हवा दोन्ही साथ देत असतील तरच.

प्रश्न : दीपगृहांचा देवाधर्माशी खरंच संबंध होता का? – डोंबिवली

उत्तर : होता. आयर्लंडमधल्या हूक टोकावरचा तेराव्या शतकातला बुरूज विल्यम मार्शल या सरदारानं बांधवला, आणि तिथला जाळ ख्रिस्ती भिक्षू सांभाळत. महाबलीपुरमला टेकडीवरच्या ओलक्कनेश्वराच्या पल्लवकालीन देवळाच्या माथ्यावर इंग्रजांच्या काळात जहाजांसाठी दिवा लागत असे. अलिबागजवळच्या आपल्या खांदेरी बेटावर १८६७ चं दीपगृह आहे आणि कोळ्यांचा वेताळही आहे.

प्रश्न : त्रिपुरी पौर्णिमेला गावच्या दीपमाळेवरच्या पणत्या अर्ध्या तासात विझतात. काय चुकतं? – वाई

उत्तर : नव्या पणत्या कोऱ्याच वापरत असणार. कोरी माती तेल पिते. आदल्या दिवशी त्या पाच-सहा तास पाण्यात बुडवून सावलीत वाळवा. वात सैल वळली तर भडकून लवकर संपते, म्हणून घट्ट वळा आणि लावण्याआधी तेलात पूर्ण भिजवा. दीपमाळेच्या वाऱ्याच्या बाजूला बाहेर आलेल्या दगडी हातांवर खोलगट पणत्या ठेवा. लावायला सुरुवात वरून करा. खालून केली तर चढणाऱ्याचं धोतर धोक्यात येतं, आणि वरचं तेल खालच्या ज्योतींवर सांडतं ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी दगडावरचं तेल धुऊन काढा, नाहीतर पुढच्या वर्षी पाय घसरेल.

विजेच्या माळा टांगायला दगडात लोखंडी खिळे मात्र ठोकू नका. खिळा गंजला की फुगतो आणि शेजारचा दगड फुटतो. माळ लावायचीच असेल तर सुती दोरीनं बांधा.