रवांडाची संसद आणि जमिनीचा कागद

प्रश्न : महिला खासदारांच्या प्रमाणात आफ्रिकेतील रवांडा हा देश जगात आघाडीवर आहे, असे वाचनात आले. तेथे स्त्री-पुरुष समानता खरोखरच आली आहे, की आपल्याकडच्या ‘सरपंचपतीं’सारखाच तो प्रकार आहे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपण वाचलेले खरे आहे. १९९४ च्या नरसंहारानंतर नव्याने उभ्या राहिलेल्या या देशाने २००३ च्या राज्यघटनेत निर्णय घेणाऱ्या संस्थांमध्ये किमान ३० टक्के महिला असाव्यात, अशी तरतूद केली. कनिष्ठ सभागृहाच्या ८० जागांपैकी २४ महिलांसाठी राखीव असून त्या थेट जनमताने भरल्या जात नाहीत. बाकीच्या बहुतेक जागा पक्षांच्या याद्यांमधून भरतात आणि तेथेही महिला मोठ्या संख्येने निवडून येत असल्यामुळे २०१३ मध्ये महिला खासदारांची संख्या ८० पैकी ५१ वर गेली.

‘सरपंचपती’ची उपमा मात्र येथे नीट बसत नाही. तेथील महिला खासदारांना अडचण असते ती घरातल्या पुरुषाची नव्हे, तर सर्व सूत्रे राष्ट्राध्यक्ष पॉल कागामे आणि त्यांच्या पक्षाच्या हाती असण्याची. आणि ती पुरुष खासदारांनाही तितकीच आहे. तरीही लिंगाधारित हिंसाचाराविरुद्धचा २००८ चा कायदा महिला खासदारांच्याच पुढाकाराने झाला. गंमत अशी की, महिलांचे बहुमत असलेल्या संसदेनेच २००९ मध्ये जो कामगार कायदा केला, त्यात बाळंतपणाच्या १२ आठवड्यांच्या रजेपैकी पहिल्या सहाच आठवड्यांचे पूर्ण वेतन ठेवले आणि पुढे रजा चालू ठेवणाऱ्या आईला २० टक्क्यांवर आणले. ही चूक निस्तरण्यासाठी २०१६ मध्ये प्रसूती विमा आणावा लागला.

माझ्या मते संसदेतल्या संख्येहून अधिक खोल बदल १९९९ च्या वारसा कायद्याने घडवला. त्याने मुलींना मुलांइतकाच वारसाहक्क दिला आणि पुढे देशभर जमिनींची नोंदणी झाली, तेव्हा पती-पत्नी दोघांची नावे कागदावर आली. सातबाऱ्यावर पत्नीचे नाव चढवण्यासाठी शेतकरी संघटनेने चालवलेली ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहीम ज्यांना आठवते, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. पण हा संरक्षक कागद कायदेशीर विवाह झालेल्या पत्नीसाठीच होता. विवाहाची नोंद न करता वर्षानुवर्षे संसार करणाऱ्या असंख्य ग्रामीण स्त्रिया त्याच नोंदणीच्या वेळी बाजूला राहिल्या.