जर्मनीतली फाइल फुकट मिळते, पण मागावी लागते

बायको आणि पाच वर्षांच्या मुलीला घेऊन श्टुटगार्टला निघालाय, बायकोची थायरॉइडची ट्रीटमेंट चालू आहे, आणि तिकडच्या डॉक्टरकडून आपले कागद मिळतात का, पैसे पडतात का, असं विचारलंत. व्हिसा-विम्याचं लिहीत नाही, ते सगळीकडे आहे.

कागद मिळतात, पहिली प्रत फुकट. जीडीपीआर, म्हणजे युरोपचा वैयक्तिक माहिती जपण्याचा कायदा, त्याचं कलम १५. पूर्वी जर्मन कायद्यातल्या तरतुदीवर बोट ठेवून दवाखाने प्रतींचा खर्च मागायचे. एका पेशंटने दाताच्या डॉक्टरशी यावरून भांडून प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत नेलं. २६ ऑक्टोबर २०२३ ला निकाल लागला: पहिल्या प्रतीला पैसे नाहीत आणि ती कशाला हवी हेही सांगायला नको. त्या पेशंटला डॉक्टरवरच दावा लावायचा होता, तरीही! महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं, गुंतागुंत असेल तर आणखी दोन महिने. काउंटरवरच्या बाईंना हे ठाऊक असेलच असं नाही. तोंडी मागू नका, ईमेल करा, कलम लिहा आणि 'पूर्ण फाइल' म्हणा, नाहीतर एकपानी पत्र देऊन बोळवण करतात.

आपल्याकडे फाइल आपल्याच कपाटात असते, एक्स-रे गादीखाली. तिकडे सगळं डॉक्टरच्या कॉम्प्युटरमध्ये आणि तुम्ही रिकाम्या हाताने घरी. २०२५ पासून सरकारी विम्यातल्या लोकांना, नको म्हटलं नसेल तर, इलेक्ट्रॉनिक फाइल उघडून मिळते. पण जुने कागद त्यात आपोआप येत नाहीत.

आता खरं सांगतो, मी एवढं का लिहितोय. शाळेआधी मुलांची सरकारी आरोग्य तपासणी असते. आमची लेक तेव्हा नुकतीच बालवाडीत जायला लागली होती. घरात मराठी, बाहेर जर्मन, आणि अनोळखी बाईंसमोर तोंडाला कुलूप. शाळा एक वर्ष पुढे ढकला, असं सुचवलं गेलं. आम्ही मान डोलावली. पुढे केव्हातरी हे कलम कळलं, प्रत मागवली, तर त्यात 'भाषेच्या विकासात मागे'. घरी ती कुठली भाषा बोलते याचा उल्लेखच नाही. आज ती माझं जर्मन सुधारते. त्याच कायद्याच्या कलम १६ खाली चुकीची तारीख दुरुस्त होते, तपासणाऱ्याचं मत खोडून घेणं महाकठीण. बायको म्हणते, सोड आता. नाही सुटत.

एकटेपणाचंही विचारलंत. मंडळ आहे, गणपती आहे, पोहे मिळतात. पुढे.

निघण्याआधी पुण्यातल्या हॉस्पिटलकडून इनडोअर केसपेपरची प्रत घ्या. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यावर ७२ तासांत द्यायची असते, आणि रेकॉर्ड तीनच वर्षं सांभाळायचं बंधन आहे. मुलीचं लसीकरणाचं कार्ड हातसामानात ठेवा. गोवराच्या दोन डोसांचा पुरावा नसेल तर बालवाडीत घेत नाहीत.

आणि तिची ती तपासणी झाली की त्याच आठवड्यात प्रत मागा. शाळेचा निर्णय व्हायच्या आत वाचलीत, तर घरी ती मराठीत घडाघडा बोलते हे त्यांना लेखी कळवता येईल.