हिमोफिलिया : पेशी बसवून फॅक्टर मिळेल का?

प्रश्न : माझ्या ११ वर्षांच्या मुलाला तीव्र हिमोफिलिया ए (रक्त नीट न गोठण्याचा आनुवंशिक विकार) आहे आणि त्याला आठवड्यातून तीनदा शिरेतून फॅक्टर ८ (रक्त गोठण्यास लागणारे प्रथिन) द्यावा लागतो. पेशींचे प्रत्यारोपण केल्यास शरीर स्वतःच फॅक्टर तयार करते, असे ऐकले. एका ठिकाणी त्याच्याच अस्थिमज्जेतून पेशी काढून ‘स्टेम सेल’ची इंजेक्शने देण्याचे सुचवले आहे. यात कितपत तथ्य आहे?

उत्तर : मूळ कल्पनेत तथ्य आहे, पण तुम्हाला सुचवलेल्या इंजेक्शनांत नाही.

फॅक्टर ८ मुख्यतः यकृतातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशी तयार करतात. बाहेरून दिलेला फॅक्टर साधारण ८ ते १२ तासांत निम्म्यावर येतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा टोचावा लागतो. रुजलेली पेशी मात्र जिवंत असेपर्यंत तो स्रवत राहते. शिवाय रक्तातील पातळी १ टक्क्याच्या खालून ५ टक्क्यांपर्यंत चढली, तरी सांध्यांत आपोआप होणारे रक्तस्राव पुष्कळ कमी होतात, म्हणजे थोड्या पेशी टिकल्या तरी बरेच साधते. यकृत बदलल्यावर हिमोफिलिया जातो, हे १९८०च्या दशकापासून ठाऊक आहे. हा लाभ मिळाला तो बहुधा अशा रुग्णांना, ज्यांचे यकृत पूर्वीच्या दूषित फॅक्टरमधून आलेल्या हेपॅटायटिसने निकामी झाले होते; केवळ हिमोफिलियासाठी धडधाकट यकृत कोणी काढत नाही.

मग संपूर्ण यकृताऐवजी नुसत्या पेशी का नकोत? खरी अडचण पेशी मिळवण्यात नसून त्या टिकवण्यात आहे. फॅक्टर ७ या रक्त गोठवणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाची तीव्र कमतरता असलेल्या लंडनमधील दोन भावांना यकृतपेशी दिल्याचा अनुभव २००४ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यांची फॅक्टरची गरज सुमारे पाचव्या हिश्श्यावर आली, पण सहा महिन्यांनी ती पुन्हा वाढली. २००१ मध्ये ६ रुग्णांच्याच त्वचेच्या पेशींत फॅक्टर ८चे जनुक घालून त्या पोटात सोडण्यात आल्या, तेव्हाही लाभ अल्प आणि तात्पुरता ठरला. पेशींना कवचात बंद करून प्रतिकारशक्तीपासून लपवण्याचा प्रयत्नही झाला. त्या कवचांभोवती शरीराने तंतुमय आवरण विणले आणि एका रुग्णात फॅक्टरलाच निकामी करणारे इनहिबिटर तयार झाल्याने २०२१ मध्ये ती चाचणी थांबली.

सर्वांत आशादायक वृत्त वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे आहे. तेथे पाच प्रौढ रुग्णांच्या रक्तमूळपेशी काढून, त्यांत विषाणूवाहकाच्या (जनुक पेशीत पोचवणाऱ्या, बदल केलेल्या विषाणूच्या) साहाय्याने फॅक्टर ८चे जनुक घालून त्या परत देण्यात आल्या, आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पेशी रुजल्यानंतरच्या निरीक्षणकाळात एकालाही रक्तस्राव झाला नाही. मात्र नव्या पेशींना जागा करून देण्यासाठी आधी तीव्र केमोथेरपी द्यावी लागते. तिच्यामुळे जंतुसंसर्गाचा आणि प्रजननक्षमतेला बाधा येण्याचा धोका असतो, त्यामुळे अकरा वर्षांच्या मुलासाठी आज हा पर्याय नाही.

आता तुम्हाला सुचवलेल्या इंजेक्शनांविषयी. हिमोफिलिया होतो तो फॅक्टर ८च्या सदोष जनुकामुळे, आणि मुलाच्या स्वतःच्या सर्व पेशींत तेच जनुक असते. ते न सुधारता त्या पेशी कितीही वेळा टोचल्या तरी त्यांतून फॅक्टर मिळणार नाही. उलट अस्थिमज्जा काढण्याची सुईच रक्तस्रावाला कारण होऊ शकते. तेव्हा जनुक कोणत्या मार्गाने घातले जाणार आहे, एवढे एकच विचारा. सरळ उत्तर मिळाले नाही, तर तिथून उठा. शिरेतील सुया हीच मुख्य अडचण असेल, तर एमिसिझुमॅबविषयी तुमच्या रक्तविकारतज्ज्ञांशी बोला. हे औषध त्वचेखाली देतात, आणि सुरुवातीच्या साप्ताहिक मात्रांनंतर ते आठवड्याने, पंधरवड्याने किंवा चार आठवड्यांनी देता येते.

प्रश्न : यकृत-प्रत्यारोपणानंतर माझ्या भावाचा हिमोफिलिया गेला. आता त्याच्या मुलांना धोका नाही ना?

उत्तर : यकृत नवे असले तरी शुक्राणू तयार करणाऱ्या बीजपेशी जुन्याच आहेत, आणि सदोष जनुक एक्स गुणसूत्रावर असते. त्याचे एक्स गुणसूत्र प्रत्येक मुलीकडे जाईल, म्हणून प्रत्येक मुलगी वाहक (सदोष जनुक पुढे नेऊ शकणारी) असेल. मुलग्यांना ते मिळत नाही. काही वाहक स्त्रियांचीही फॅक्टरची पातळी कमी असते, त्यामुळे कोणतीही शस्त्रक्रिया किंवा दात काढण्यापूर्वी मुलीची पातळी तपासून घ्यावी.